संगीत, सायकल आणि व्यायामाचा हरवलेला आनंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळ, सीवूड्स आणि ठाण्यातील उपवन परिसरात सकाळी सायकल चालवणाऱ्या आमच्या गटात नव्याने येणारी बहुतेक माणसे चाळिशीच्या पुढची असतात, आणि त्यांपैकी अनेकांनी व्यायाम वारंवार सुरू करून वारंवार सोडलेला असतो. त्यांच्याकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती विशेषतः ज्यांना गाणे मनापासून आवडते, पण व्यायाम म्हटले की अंगावर काटा येतो, अशांसाठी लिहिली आहेत.

शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. आता पन्नाशीत पुन्हा जमेल का?

तोल सांभाळण्याचे कौशल्य शरीर सहसा विसरत नाही, त्यामुळे सायकल चालवता येईल की नाही, ही शंका पहिल्या काही मिनिटांतच मिटते. अडचण येते ती वळताना मागे पाहण्याची, एका हाताने इशारा करण्याची आणि अचानक ब्रेक लावण्याची, कारण या गोष्टींचा सराव मात्र खरोखरच गेलेला असतो. म्हणून पहिले काही दिवस सोसायटीच्या आवारात किंवा रिकाम्या मैदानात, सीट थोडी खाली घेऊन आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशा बेताने चालवावे. हा सराव झाल्याशिवाय रहदारीच्या रस्त्यावर जाऊ नये.

व्यायाम सुरू करतो, पण महिन्याभरात सोडून देतो. इच्छाशक्ती कमी पडते का?

आमच्या मते बहुतेकांच्या बाबतीत इच्छाशक्तीचा प्रश्न नसतो. व्यायामाशी त्यांची गाठ पडते ती वजनाच्या काट्यावर, रक्ततपासणीच्या अहवालात किंवा डॉक्टरांच्या ताकिदीत, आणि जी गोष्ट शिक्षा म्हणून आयुष्यात येते तिची ओढ लागणे अवघडच असते. वर्षभराची फी एकदम भरून जिमचे सदस्यत्व घेतले की पैसे वाया जातील या धास्तीने माणूस काही दिवस जातो, पण धास्तीवर चाललेला व्यायाम धास्ती ओसरली की थांबतो.

आपल्याकडे शरीराचे श्रम आणि संगीत ही दोन वेगळी खाती कधीच नव्हती, याची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. हलगी आणि ढोलाच्या तालावर लेझीम खेळणाऱ्याच्या मांड्या, खांदे आणि पाठ यांना जो व्यायाम घडतो, तो कोणत्याही कवायतीपेक्षा कमी नसतो, तरीही लेझीम खेळून आलेला मुलगा आपण व्यायाम करून आलो असे म्हणत नाही. मंगळागौरीच्या रात्री फुगड्या, झिम्मा आणि पिंगा घालणाऱ्या स्त्रिया तासन्‌तास उड्या मारतात आणि वाकतात, आणि त्यांचा दम सांभाळून धरतात ती तोंडातली गाणी. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर वारकरी टाळ-मृदंगाच्या साथीने अभंग म्हणत चालतात, आणि त्यांत सत्तरी ओलांडलेलेही असतात. या सर्व ठिकाणी पाय लयीमागे चालतात आणि श्रमाकडचे लक्ष आपोआप कमी होते. लय आणि श्रम यांचे हेच नाते सायकलच्या पायडलवर पुन्हा जोडता येते, आणि ज्यांना ते जोडता आले त्यांना स्वतःला ओढून घराबाहेर काढावे लागत नाही.

संगीताने खरोखर काही फरक पडतो, की हा केवळ मनाचा समज आहे?

फरक पडतो, आणि गंमत म्हणजे या विषयावरील सर्वांत जुन्या निरीक्षणांपैकी एक सायकलचेच आहे. लिओनार्ड एअर्स या अमेरिकी संशोधकाने १९११ मध्ये अशी नोंद केली की न्यूयॉर्कमधील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत वाद्यवृंद वाजत असताना स्पर्धक अधिक वेगाने सायकल चालवत होते आणि वादन थांबले की वेग उतरत होता. पुढे कोस्टास कारागिओर्गिस या क्रीडामानसशास्त्रज्ञाने या विषयावर अनेक वर्षे काम केले. त्यांचा सहभाग असलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्थिर सायकलवर बसलेल्या व्यक्तींनी गाण्याच्या ठेक्याशी पायडल जुळवले, तेव्हा त्यांना तेवढ्याच कामासाठी सुमारे ७ टक्के कमी ऑक्सिजन लागला. ही तुलना ठेका पायडलपेक्षा संथ असलेल्या गाण्याशी केलेली होती. प्रयोग लहान होता, त्यामुळे ७ हा आकडा प्रत्येकाला जसाच्या तसा लागू होईल असे मानू नये, पण लय जुळली की हालचालीतील अनावश्यक हिसके कमी होतात, हे पायडल मारणाऱ्या कोणालाही स्वतः जाणवते.

संगीताला मर्यादाही आहे. हलक्या आणि मध्यम श्रमात मेंदूला गाण्याकडे लक्ष देण्याइतकी मोकळीक असते, म्हणून थकवा कमी वाटतो. श्रम फार वाढले, म्हणजे चढावर छाती भरून आली आणि मांड्या जळजळू लागल्या, की शरीराचे संदेश इतके प्रबळ होतात की गाणे त्यांना झाकू शकत नाही. म्हणून संगीताच्या भरवशावर एकदम ठाण्याच्या येऊर डोंगराचा चढ चढायला जाऊ नये.

मग रस्त्यावर इअरफोन लावून सायकल चालवावी का?

नाही. या एका बाबतीत आमच्या गटात सवलत नाही. सायकलस्वाराला मागचे जग कानांनीच दिसते. बसचा हॉर्न, मागून येणाऱ्या डंपरची घरघर, डाव्या बाजूने घुसणारी दुचाकी, भुंकत धावून येणारा कुत्रा, यांची पहिली सूचना आवाजानेच मिळते, आणि ती एक-दोन सेकंद आधी मिळणे हाच बचाव असतो. वाशी ते बेलापूर हा सुमारे १० किलोमीटरचा पाम बीच मार्ग सपाट, रुंद आणि दिसायला मोहक आहे, परंतु तेथील मोटारींचा वेग पाहता कान बंद करून त्या मार्गावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

एकाच कानात लावण्याची पळवाट अनेकजण सुचवतात. दोन्ही कान मिळूनच आवाजाची दिशा कळते, त्यामुळे एक कान झाकला तर वाहन येत आहे हे समजेल, पण ते नेमके कोणत्या बाजूने येत आहे याचा अंदाज चुकेल. कानाबाहेर गालाच्या हाडावर टेकणारे आणि हाडांतून आवाज पोहोचवणारे हेडफोन आता मिळतात. त्यांत कान उघडे राहतात हे खरे, पण मन तर गाण्यात गुंतलेलेच राहते. ते बागेत चालताना वापरावेत, रहदारीत नकोत.

इअरफोन नाहीत, तर सायकल आणि संगीत एकत्र येणार कसे?

स्वतः गाऊन. हे उत्तर ऐकून नवीन माणूस आधी हसतो, पण आमच्या अनुभवात याइतका उपयोगी दुसरा उपाय नाही, आणि त्यामागे शरीरशास्त्राचा पक्का आधार आहे. श्रमाची तीव्रता ओळखण्याची एक सोपी आणि जगभर सांगितली जाणारी खूण अशी की हलक्या श्रमात माणसाला बोलता येते आणि गाताही येते, मध्यम श्रमात बोलता येते पण गाता येत नाही, आणि तीव्र श्रमात थोडे शब्द बोलताच श्वास घ्यावा लागतो. म्हणजे तुमचे गाणे हे तुमच्या दमाचे मोजमापच आहे, आणि त्यासाठी मनगटावर कोणतेही घड्याळ बांधावे लागत नाही.

प्रत्यक्षात ते असे करावे. निघताना पाठ असलेले एखादे गाणे हळू आवाजात म्हणायला सुरुवात करावी आणि ओळ सहज पुरी होईल इतक्याच वेगाने पहिली दहा मिनिटे पायडल मारावे. शरीर तापले की वेग थोडा वाढवावा. ओळ मध्येच तुटू लागेल, शेवटचा स्वर धरता येणार नाही, पण शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता येतील, तो वेग धरून ठेवावा. आरोग्यासाठी हवे असलेले मध्यम श्रम ते हेच. तोंडाने गाणे थांबले तरी ठेका मनात चालू राहतो आणि पाय तो सोडत नाहीत. बोलणेही तुटू लागले तर गिअर हलका करून वेग कमी करावा. घरी परतताना शेवटच्या टप्प्यात पुन्हा पूर्ण कडवे म्हणता आले, तर शरीर नीट शांत होत आहे असे समजावे.

पाठ असलेले गाणेच निवडावे, कारण शब्द आठवण्यात मन अडकले तर रस्त्यावरचे लक्ष जाते. चौक, सिग्नल आणि वळणे आली की गाणे थांबवावे. आवाज चांगला नाही ही सबब येथे चालत नाही, सायकलवर कोणी कोणाची पट्टी तपासत नाही.

घरातील स्थिर सायकलसाठी गाणी कशी निवडावीत?

घरात रहदारी नसल्याने येथे ध्वनिमुद्रित संगीताचा पूर्ण लाभ घेता येतो, आणि निवड थोडी विचार करून केली तर फार आनंद मिळतो. हिशेब सोपा आहे. पायडलच्या एका फेरीत दोन पाय दोन वेळा दाब देतात, म्हणून मिनिटाला ६० फेऱ्या मारायच्या असतील तर मिनिटाला १२० ठोके असलेले गाणे प्रत्येक पावलाशी बरोबर जुळते. मिनिटाला ७० फेऱ्यांसाठी १४० ठोक्यांचे गाणे घ्यावे, किंवा ७० ठोक्यांचे घेऊन केवळ उजव्या पायाचा दाब ठोक्यावर आणावा. गाण्याचे ठोके मोजायला १५ सेकंद टाळ्या वाजवून संख्येला चारने गुणावे.

तबल्याचा कान असलेल्यांना यात आणखी रस वाटेल. दादऱ्याचे दोन भाग, ‘धा धी ना’ आणि ‘धा ती ना’, दोन पायांना वाटून देता येतात, आणि मग पायडल अक्षरशः ठेका धरते. केरव्यातील आठ मात्रांत जलद लयीच्या गाण्याला दर दोन मात्रांना एक पाऊल बसते. भजनी ठेक्याची मध्यम लय सुरुवातीच्या दहा मिनिटांना उत्तम. कोळीगीते तर येथल्या खाडीकाठचीच, आणि त्यांची नाचरी लय पायांना चटकन सापडते. ज्यांच्या घरी हळदीला आगरी-कोळी गाणी वाजतात, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ढोलकीच्या लावणीचा चढा भाग एक-दोन मिनिटांच्या जोरकस फेऱ्यांसाठी राखून ठेवावा. पोवाडा मात्र आमच्या काही सदस्यांना जमला नाही, कारण शाहीर गद्यात बोलू लागला की पायांचा आधार सुटतो.

शास्त्रीय संगीताच्या रसिकांनी विलंबित ख्याल व्यायामानंतर स्नायू ताणण्याच्या वेळेसाठी ठेवावा आणि द्रुत त्रितालातील बंदिश किंवा तराणा पायडलसाठी वापरावा.

आवाजाची पातळी जपावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज जसा वाढतो तसा हा वेळ झपाट्याने घटतो. पंख्याच्या आवाजावर मात करण्यासाठी इअरफोन मोठा करण्यापेक्षा खोलीत लहान स्पीकर ठेवणे चांगले.

ठाणे आणि नवी मुंबईत सायकल कोठे चालवावी?

नवी मुंबईत नवशिक्यांनी मोठ्या मार्गांऐवजी सेक्टरांतील अंतर्गत रस्ते निवडावेत. सिडकोने आखलेल्या या शहरात नेरूळ, सीवूड्स आणि खारघरमधील आतले रस्ते सकाळी साडेसहाच्या आत बऱ्यापैकी मोकळे असतात. खारघरला उत्सव चौकापासून सेंट्रल पार्ककडे जाणारा भाग रुंद आहे, आणि डोंगराच्या बाजूला गेल्यास हलका चढही मिळतो. नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई चालणाऱ्यांचे आहे, तेथे सायकल बाहेर कुलूप लावून ठेवावी आणि पायी फिरावे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत सीवूड्सच्या पाणथळ जागांवर रोहित पक्षी उतरतात, आणि त्यांना पाहण्यासाठी थांबणे हा फेरीचा भागच मानावा. शीव-पनवेल महामार्ग आणि उरणकडील कंटेनरचे रस्ते पूर्णपणे टाळावेत.

ठाण्यात उपवन तलावाचा परिसर सुरुवातीला पुरेसा आहे. तेथून येऊरकडे जाणारा वळणाचा चढ अनेकांचे स्वप्न असते, आणि सपाटीवर अर्धा तास आरामात चालवता येऊ लागल्यावर तो जरूर करावा, पण उतरताना दोन्ही ब्रेक तपासलेले असलेच पाहिजेत. घोडबंदर मार्गावर अवजड वाहने सतत असतात, त्यामुळे तो केवळ ओलांडण्यापुरता वापरावा आणि वसाहतींच्या आतल्या रस्त्यांवर फिरावे.

येऊरला गटाने जाताना स्पीकर लावला तर चालेल का?

कृपया लावू नये. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तेथे बिबट्यांचा वावर आहे, आणि वन विभागाचे नियम व प्रवेशाच्या वेळा पाळणे हे आपले कर्तव्य आहे. शिवाय पहाटे तेथे दयाळ आणि सुभग यांचे गाणे ऐकू येते, ते ऐकावे.

कोणती सायकल घ्यावी?

घरात पडून असलेली आधी दुरुस्त करून घ्यावी. ब्रेकचे रबर, केबल, टायर-ट्यूब आणि चेन यांवर होणारा खर्च नव्या सायकलच्या मानाने अगदी थोडा असतो. नवीनच घ्यायची असेल तर शहरातील रस्त्यांसाठी मध्यम रुंदीच्या टायरची, मोजक्या गिअरची हायब्रिड सायकल पुरते. हवेचा दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो, त्या मर्यादेत ठेवावा, कारण कमी हवेची सायकल चालवताना निष्कारण दम लागतो आणि माणूस दोष स्वतःच्या वयाला देतो. हेल्मेट, पुढे पांढरा व मागे लाल दिवा आणि घंटी यांत काटकसर करू नये.

गुडघे दुखतात, रक्तदाब आणि मधुमेहही आहे. सायकल चालवावी का?

सायकलवर शरीराचा भार सीटवर येतो, त्यामुळे धावण्याच्या मानाने गुडघ्यांना आघात फार कमी बसतो. मात्र सीट खूप खाली असेल तर गुडघा जास्त वाकतो आणि त्याच्या पुढच्या भागात दुखू लागते. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ झाला, तर उंची बरोबर आहे असे समजावे. चालवताना पायाचा चवडा पायडलवर असतो, त्यामुळे गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर जास्त फेऱ्या मारणे गुडघ्यांना मानवते, आणि लयीलाही तेच सोयीचे असते.

रक्तदाबाच्या काही औषधांनी, विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातील, नाडीचा वेग दबलेला राहतो. अशांना घड्याळावरील नाडीचा आकडा फसवतो, म्हणून गाण्या-बोलण्याची खूणच अधिक विश्वासाची आहे. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी आणि एकटे दूर जाऊ नये. छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच थांबून मदत घ्यावी. हृदयविकार असलेल्यांनी सुरुवात करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

किती वेळ चालवावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. तरीही पहिल्या महिन्यात मिनिटे मोजू नयेत असे आम्ही सुचवतो. पाच-सहा गाण्यांची फेरी ठरवावी, आणि आणखी एक गाणे म्हणावेसे वाटत असतानाच घरी परतावे. उद्या पुन्हा निघण्याची इच्छा शिल्लक राहणे हे त्या महिन्याचे उद्दिष्ट आहे, अंतर आणि वेळ त्यानंतर आपसूक वाढतात.

पावसाळ्यात काय करावे?

जून ते सप्टेंबर खंड पडू देऊ नये, कारण बहुतेकांचा व्यायाम येथेच सुटतो. स्थिर सायकल नसेल तर आपल्याच सायकलचे मागचे चाक बसवता येते असा ट्रेनर स्टँड मिळतो. रिमझिम असताना बाहेर पडलात तर पाण्याने भरलेल्या डबक्यातून जाऊ नये, खाली खड्डा किंवा उघडे झाकण असू शकते. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे आणि लोखंडी जाळ्या ओल्या असताना निसरड्या होतात, त्यांच्यावर वळू नये आणि ब्रेक दाबू नये. घरी आल्यावर चेन कोरडी पुसून तेलाचे थेंब सोडावेत.

मुलांना सोबत न्यावे का?

अवश्य न्यावे, पण स्वतःची सायकल स्थिरपणे चालवता येऊ लागल्यानंतर. मूल स्वतंत्र सायकलवर असेल तर एक मोठा माणूस पुढे आणि दुसरा मागे असावा, दोघांच्या मध्ये मूल असावे आणि रस्ता सेक्टरातलाच असावा. मुलाचे हेल्मेट त्याच्या मापाचे हवे, पुढे वाढेल म्हणून मोठे घेतलेले सैल हेल्मेट पडताना डोक्यावरून सरकते. मुलांना एकेक ओळ वाटून घेऊन गाणे फार आवडते, आणि त्यांची ओळ वेळेवर ऐकू आली नाही तर मागे वळून न पाहताही ते मागे पडले आहे हे पुढच्याला कळते. अशा वेळी डाव्या बाजूला सावकाश थांबून त्याची वाट पाहावी.